खांडबाऱ्याच्या बाजारात

मोटारीने प्रवास करणाऱ्या माणसांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातली माणसे कुठे तरी पोचण्यासाठी निघतात; दुसऱ्या वर्गातल्यांची मोटार जुनी असते. मी गेली छत्तीस वर्षे या दुसऱ्या वर्गात आहे, आणि तिथून वर चढण्याची माझी आता इच्छाही नाही.

माझी मोटार प्रीमियर पद्मिनी. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशेच्या साच्यावर घडलेली ही गाडी. १९७४ साली तिचे 'पद्मिनी' असे बारसे झाले, २००० सालाच्या सुमारास कारखान्यातून ती निघणे बंद झाले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही तिने निरोप घेतला. तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठे हळवे लेख लिहिले. मला मात्र हसू आले. कारण वर्तमानपत्र बाजूला ठेवून मी त्याच पद्मिनीतून भाजी आणायला निघालो होतो.

ही गाडी मी १९८८ साली धुळ्याला घेतली, आणि पहिल्याच महिन्यात तिच्यात एक कॅसेटचा सेट बसवला. डॅशबोर्डच्या खाली लोंबणारा, जड, काळा, आणि बटण दाबले की जबडा मिटल्यासारखा 'खटॅक' असा आवाज करणारा. पुढच्या दोन दारांत दोन लहान स्पीकर आणि मागच्या सीटच्या पाठीशी, काचेखालच्या फळीवर, दोन मोठे लंबवर्तुळाकार. तेव्हा ही मोठी चैन होती. अमेरिकेत गॅल्व्हिन नावाच्या गृहस्थाच्या कंपनीने १९३० साली मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' असे नाव दिले, ते पुढे कंपनीलाच चिकटले. पण आपल्याकडे कित्येक वर्षे रेडिओला सरकारी परवाना लागे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. त्या काळात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला आपल्या स्वतःच्या मोटारीत गाणे वाजते आहे, यातच अर्धा स्वर्ग होता.

त्या सेटने खरी सेवा केली ती १९९१ साली. माझी मुलगी तेव्हा वर्षाची होती आणि घरात काही केल्या झोपत नसे. गाडीत घालून देवपूरचा एक फेरा मारला की मात्र डोळा लागे. आमचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना अंगाई येत नव्हती. त्यांना येत होती ती फक्त स्टेशने. उधन्यापासून जळगावपर्यंतची स्टेशने ते नातीला ओळीने, एका ठेक्यात म्हणून दाखवत, आणि पोरगी नरडाण्याच्या आत झोपे. एकदा शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरवर मी ती सगळी यादी भरून घेतली. वडील घरी नसले तरी गाडीत कॅसेट लावता यावी, एवढाच त्यात हेतू. १९९८ साली वडील गेले. मुलगी मोठी होऊन परदेशी गेली. कॅसेट गाडीच्या कप्प्यात राहिली, मग केव्हा तरी आईच्या पेटीत गेली.

आता माझ्या हातून जे घडले ते सांगतो.

आई आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेली आहे. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता ती म्हणाली, "मला एकदा खांडबाऱ्याला ने." लग्न झाल्यावर वडिलांची पहिली मोठी नेमणूक तिथली. सहायक स्टेशनमास्तर म्हणून ते १९६२ ते १९६५ तिथे होते, आणि आईने आपला पहिला संसार त्या स्टेशनामागच्या क्वार्टरात मांडला होता. मी म्हटले, "आई, आता तिथे तुला दिसणार काय?" ती म्हणाली, "दिसायला कशाला हवं? ऐकू येतं की."

मला वाटले, लांबचा प्रवास आहे, म्हातारीला करमणूक हवी. म्हणून मी एका मोठ्या शहरातल्या झगझगीत दुकानात गाडी नेली आणि नवा सेट बसवून घेतला. पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ, निळे दिवे, आणि डब्यावर छापलेले दोनशे वॅट. जुना काळा सेट त्यांनी उपटून काढला आणि चिंध्यात गुंडाळून डिकीत टाकला. घरी येऊन मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले, "आता जगातलं कुठलंही गाणं लागेल. फक्त कॅसेट तेवढी लागणार नाही. ते दिवस गेले."

"बरं," आई म्हणाली.

तिच्या त्या 'बरं'चा अर्थ मला खांडबाऱ्याला कळला.

* * *

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा रस्ता पूर्वी सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जाई. आता त्याचा आकडा त्रेपन्न झाला आहे. नेर, साक्री, दहिवेल अशी गावे मागे टाकत तो कोंडाईबारीच्या घाटात शिरतो, आणि घाट उतरला की देश बदलतो. वर बाजरी, कापूस आणि उघडे माळ. खाली साग, पळस, बांबू आणि भाताची खाचरे. ऑक्टोबर होता. भात पिवळा पडू लागला होता, आणि बांधाबांधावरची तूर माणसाच्या कमरेला लागत होती.

निसर्ग असा प्रसन्न होता; सेट मात्र नव्हता. नेरपर्यंत तो नीट वाजला. साक्रीला एका बाजूने खरखर येऊ लागली. दहिवेलला आवाज जरा मोठा केला तोच सेट गप्प झाला आणि निळ्या दिव्यांच्या जागी इंग्रजीत 'प्रोटेक्ट' असा शब्द उमटला. कोणाचे कोणापासून रक्षण चालले आहे ते कळेना. गाडी थांबवून मी फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. सेट बंद करून पुन्हा लावला की दोन मिनिटे वाजे आणि पुन्हा संरक्षणात जाई. शिवाय वाजत असताना एक बारीक शिट्टी येई, ती ॲक्सिलरेटर दाबला की वर चढे आणि सोडला की खाली उतरे. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, बंद करा ना ते! एक तर गाणं वाजू दे, नाही तर गाडी." आई मागे मांडीवर पिशवी घेऊन स्वस्थ बसली होती.

विसरवाडीला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की खांडबाऱ्याचा रस्ता लागतो. खांडबारा हे नवापूर तालुक्यातले गाव. १९९८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हापासून नंदुरबार जिल्ह्यात. गावाचा जीव दोन गोष्टींत: एक रेल्वे आणि दुसरा बाजार. सुरत आणि खानदेश जोडणारी ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर या रानातून गेली, आणि तेव्हापासून इथली माणसे सुरतेला जितक्या सहज जातात तितक्या सहज धुळ्याला जात नाहीत. पावसाळा संपला की किती तरी कुटुंबे भांडीकुंडी बांधून बारडोलीकडच्या ऊसतोडीला जातात. याच मार्गावर थोडे पुढे नवापूरचे स्टेशन आहे. त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. राज्ये वेगळी झाली १९६० साली, पण त्या बाकावर बसणाऱ्याला आपण कोणत्या राज्यात बसलो आहोत याची अजून चिंता वाटत नाही.

आम्ही पोचलो तो बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, कोंबड्या, दोरखंड, आणि गाठ्यांच्या कढईभोवती उठलेला धूर. कानावर मावची, भिली, अहिराणी, गुजराती आणि मराठी अशा पाच बोली एकदम येत होत्या, आणि गंमत म्हणजे सौदा कुठल्याच बोलीत अडत नव्हता. आईने काच खाली करायला सांगितली. ती कान देऊन ऐकत होती. "बाजार तिथंच आहे," ती म्हणाली. "आवाज त्याच बाजूनं येतोय."

चहाच्या दुकानात मी गाडीच्या दुखण्याबद्दल सहज बोललो. शेजारी बसलेल्या एका फेटेवाल्या बाबांनी विचारले, "काय व्हयनं भाऊ?" मी सांगितले. त्यांनी बोट दाखवले. बाजाराच्या टोकाला ताडपत्रीखाली दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. मोटारीच्या दुरुस्तीचे ते दुकान नव्हते. लग्नाच्या बँडचे होते.

या भागातली लग्ने ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना हा बँड काय प्रकार आहे ते कळायचे नाही. पूर्वी ढोल आणि पावरी असे. ती अजून आहेतच. पण आता लग्नसराईत एका मालमोटारीवर पुरुषभर उंचीचे स्पीकर रचतात, वर वादक बसतात, आणि पुढे टिमलीच्या ठेक्यावर अख्खे गाव हातात हात धरून नाचते. हा नाच रात्र रात्र चालतो. साहजिकच स्पीकर जळतात, त्यांचे कागद फाटतात, तारा तुटतात. आणि ते सगळे रात्रीत दुरुस्त करणारा माणूस गावातच असावा लागतो. खांडबाऱ्याचा तो माणूस पंचविशीचा एक सावळा, सडपातळ मुलगा होता. चार वर्षे सुरतेत एका कारागिराच्या हाताखाली काढून तो परत आला होता. लग्नसराई नसल्यामुळे जाळलेले स्पीकर मांडून तो शांतपणे त्यांना नवे कागद चिकटवत होता.

मी म्हटले, "भाऊ, मोटारीतला सेट बघाल का? नवाच आहे, पण वाजत नाही."

त्याने हात पुसले. "नवा आहे म्हणूनच वाजत नसेल काका," तो म्हणाला.

* * *

मी आयुष्यात पुष्कळ डॉक्टर पाहिले, पण रोग्याला इतक्या धिम्मेपणाने तपासणारा हा पहिलाच. त्याने सेटला हातच लावला नाही. आधी मागच्या फळीवरच्या स्पीकरची जाळी काढली. आत कागदाच्या नावाने पाचोळा होता. छत्तीस उन्हाळे काचेखाली काढलेल्या कागदाचे दुसरे काय होणार? शहरातल्या दुकानदाराने नवा सेट दिला होता, पण स्पीकर जुनेच ठेवून वरची जाळी तेवढी पुसून दिली होती.

मग त्याने खिशातून बॅटरीतला दीड व्होल्टचा एक सेल काढला आणि दाराच्या स्पीकरची जाळी काढून त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. 'खट्' असा आवाज झाला. "हा जिवंत आहे," तो म्हणाला. "सेलचं वरचं टोक स्पीकरच्या अधिकला लावलं की कागद पुढं उडाला पाहिजे. आत ओढला गेला तर तारा उलट्या." एका दाराचा कागद पुढे आला, दुसऱ्या दारात, तारेच्या खुणेप्रमाणे सेल लावला तेव्हा, मागे गेला. म्हणजे एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा ती मागे ओढत होता, आणि दोघांच्या भांडणात खर्जाचा आवाज मधल्यामध्ये मरत होता. नवराबायकोंनी एका वेळी दोन बाजूंनी गोष्ट सांगावी, तसे!

पण खरे दुखणे वेगळेच निघाले. त्याने मीटरचे एक टोक स्पीकरच्या तारेला लावले आणि दुसरे गाडीच्या उघड्या पत्र्याला. मीटर 'पीं' करून ओरडला.

"हे बघा," तो म्हणाला. "जुन्या काळी स्पीकरला एकच तार ओढायचे. दुसरं टोक सरळ बॉडीला. आवाज तारेनं जाणार आणि पत्र्यानं परत येणार. जुन्या सेटला ते चालायचं. नव्या सेटला चालत नाही. त्याच्या दोन्ही तारा काम करतात."

मला बोध झाला नाही, हे त्याने ओळखले असावे. त्याने मागे बसलेल्या आईकडे पाहिले आणि तिलाच विचारले, "आजी, जात्यावर दोघी बसल्या तर कशा दळतात?"

"एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं," आई म्हणाली.

"तसा हा नवा सेट. एक तार लोटते, दुसरी ओढते. म्हणून बारा व्होल्टात चौपट जोर निघतो. आणि ह्या लोकांनी एकीचा हात खुंटीला बांधून ठेवला!"

इतक्या वर्षांत विजेचा कुठलाही नियम मला इतक्या लवकर समजला नव्हता. नव्या सेटच्या प्रत्येक तारेवर, तो गप्प असतानाही, निम्मे म्हणजे सहाएक व्होल्ट उभे असतात. त्यातली एक तार पत्र्याला टेकली की प्रवाह स्पीकर सोडून भलत्याच वाटेने धावतो. आतले यंत्र तापते आणि जळण्याआधी स्वतःच दार लावून घेते. 'प्रोटेक्ट' म्हणजे तेच. बिचारा सेट दहिवेलपासून ओरडून सांगत होता, आणि मी त्यालाच दोष देत होतो. डब्यावरच्या दोनशे वॅटांचेही त्याने हसत हसत माप काढले. चार ओहमच्या स्पीकरला मोटारीच्या बॅटरीवर असला सेट अखंड देऊ शकतो ते स्पीकरमागे अठरा-वीस वॅट. बाकीचे आकडे लग्नातल्या आहेरासारखे, पुकारायचे जास्त आणि पाकिटात कमी.

शिट्टीचे औषध तर फारच साधे निघाले. सेटची काळी तार दुकानदाराने रंग दिलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळली होती. रंगातून वीज धड जात नाही, आणि ती अशी अडखळली की इंजिनाबरोबर फिरणाऱ्या विद्युत्-यंत्राची कुरकुर गाण्यात शिरते. त्याने स्क्रू काढला, कानशीने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला आणि तार पुन्हा आवळली. शिट्टी गेली ती गेलीच.

"आता मागं नवे स्पीकर घालू, दोन-दोन तारा ओढू," तो म्हणाला. "पुढच्या दारांतल्या तारा बदलायच्या म्हणजे दारं खोलावी लागतील. वेळ लागेल." मग जरा थांबून त्याने विचारले, "जुना सेट कुठं आहे?"

"डिकीत," मी म्हटले. "भंगार आहे ते."

"बघू द्या."

मी चिंधी सोडली. त्याच वेळी मागून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. आईने चाचपडत हात पुढे केला. हातात कॅसेट होती.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. धुळ्यापासून ती पिशवी मांडीवर होती. नवा सेट बसवून मी घरी आलो त्या दिवशी ती काही बोलली नव्हती, निघताना बोलली नव्हती, आणि सेट बंद पडत होता तेव्हाही बोलली नव्हती. घरातली टेपरेकॉर्डर-यंत्रे केव्हाच मोडीत गेली होती. त्यांचा आवाज वाजू शकेल अशी एकच वस्तू या जगात उरली होती, आणि ती मी तिला न विचारता उपटून चिंधीत गुंडाळली होती. वर तिलाच सांगितले होते, 'ते दिवस गेले.'

"तू आणलीस?" मी कसेबसे विचारले.

"स्टेशनावर नुसती हातात धरणार होते," आई म्हणाली.

* * *

कॅसेट ही वस्तू जन्माला आली १९६३ साली. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीतल्या लू ऑटेन्स नावाच्या इंजिनिअराने म्हणे आपल्या कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा आधी करून घेतला आणि यंत्र याहून मोठे होता कामा नये, असे सहकाऱ्यांना सांगितले. तो २०२१ साली वारला. खिशात मावणारी वस्तू म्हणून त्याने ती केली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या मांडीवरच्या पिशवीतही ती मावते, हे मात्र त्याला कोणी कळवले नसेल.

मुलाने जुन्या सेटचे झाकण उघडले. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. त्याने ते डांबर स्पिरिटने पुसून काढले, फीत वाचणारे डोके कापसाने स्वच्छ केले, आणि एका डब्यातून दहाबारा पट्टे काढून एकेक लावून पाहिला. चौथा बसला. मग तो म्हणाला, "जुन्या तारा जुन्या सेटच्या. पुढची दारं ह्याला देऊन टाकू. एका दारातली उलटी तार तेवढी सरळ करतो. मागची फळी नव्या सेटला. कोणी कोणाच्या वाटेत येणार नाही."

मी आयुष्यभर कचेरीत फायलींचे वाटप केले. इतका न्याय्य निवाडा माझ्या हातून एकदाही झाला नव्हता.

दुपारभर काम चालले. मागच्या फळीतली लंबगोल भोके गोल स्पीकरांना मोठी होत होती; त्याने प्लायवूडच्या दोन पट्ट्या कापून नेमक्या बसवल्या. तारांना डाख दिला, प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळली, आणि दोन्ही सेटांना वेगवेगळा फ्यूज घातला. समोरच्या खानावळीतून तांदळाची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा आला. आई त्या मुलाला त्याच्या आईबापांविषयी विचारत होती आणि तो हातातले काम न थांबवता सांगत होता. ऊसतोडीच्या दिवसांत आजीजवळ राहून तो शिकला होता. आई म्हणाली, "आमच्या क्वार्टरात दूध घालायला एक बाई यायची. तिचंही पोर असंच आजीजवळ असायचं." मग दोघेही थोडा वेळ गप्प झाले.

चार वाजता जुना सेट जोडला. 'खटॅक' असा ओळखीचा आवाज झाला, थोडी सरसर झाली, आणि मग वडील बोलू लागले.

पण ते वडील नव्हते. आवाज जड, ओढल्यासारखा, विहिरीतून आल्यासारखा. 'उधना... बारडोली... मढी...' अशी नावे लोळत बाहेर पडत होती. आईच्या कपाळावर आठी पडली. "इतका जाड आवाज नव्हता त्यांचा," ती म्हणाली. तेवढ्यात माझ्या मनात आले, फीत खराब झाली, संपले.

मुलगा म्हणाला, "पट्टा जुन्याच्या मापाचा नाही, म्हणून हळू फिरतंय. मोटरच्या मागं स्क्रू आहे, वेग कमीजास्त होतो." त्याने बारीक पेचकस त्या भोकात घातला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आजी, मी त्यांना ऐकलेलं नाही. तुम्ही सांगा, कुठं थांबू."

आईने दाराच्या स्पीकरला कान लावला. मुलाने केसभर फिरवले.

"अजून," आई म्हणाली.

'व्यारा... सोनगढ...'

"अजून थोडं... नाही, हे फार झालं, हा पोरसवदा झाला. मागं घे... मागं..."

'नवापूर, चिंचपाडा,' वडील म्हणाले.

"बस!" आई म्हणाली. "हे. हेच."

'खांडबारा,' वडील म्हणाले, आणि पुढच्या नावाआधी नेहमीसारखे किंचित खाकरले. ते खाकरणे मी सव्वीस वर्षे विसरून गेलो होतो.

'नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा...'

कोणी काही बोलले नाही. बाजारातला गलका आपल्या गतीने चालू होता. अमळनेर, धरणगाव, पाळधी करत गाडी जळगावला पोचली आणि फितीवर नुसती सरसर उरली. सौभाग्यवतींनी तोंडाला पदर लावला होता. मुलाने पेचकस काढून घेतला आणि झाकणाचे स्क्रू एकेक करून बसवले. मग म्हणाला, "फीत आता किती वेळा चालेल सांगता येत नाही काका. एकदा फोनमध्ये भरून घ्या." मी भरून घेतले. आई मात्र म्हणाली, "फोनातलं तुम्ही ऐका. मला हीच."

मजुरीची वेळ आली. नवे स्पीकर सोडून सगळ्या दिवसाच्या कामाचे त्याने सहाशे रुपये सांगितले. मी हजार पुढे केले. त्याने सहाशे घेतले आणि उरलेले परत केले. "पट्ट्याचे चाळीस त्यातच आले," एवढेच म्हणाला.

* * *

संध्याकाळी आम्ही स्टेशनावर गेलो. रूळ आता दुहेरी झाले आहेत, वर विजेच्या तारा आहेत. पूर्वी एकेरी रूळ होता, आणि वडील फलाटाच्या कडेला उभे राहून धावत्या इंजिनाच्या ड्रायव्हरला टोकनचे कडे देत. रात्री हातात कंदील असे, आणि आई क्वार्टराच्या दारातून त्या कंदिलाची हालचाल पाहत बसे. हे सगळे तिने मला बाकावर बसून सांगितले. मी तिचा हात धरून होतो. खरे तर मला त्या फलाटावर काहीच ओळखीचे नव्हते, आणि तिला काहीच दिसत नव्हते. पण आमच्या दोघांत जागा तिलाच माहीत होती.

सुरतेकडची गाडी आली. गाठोडी, पोरे, पत्र्याच्या पेट्या घेऊन माणसांची एक लाट डब्यांत चढली. आईने मान किंचित तिरकी केली. "पूर्वीची गाडी धापा टाकत यायची," ती म्हणाली. "ही गुपचूप येते." गाडी हलली, शेवटचा डबा गेला, आणि रूळ थोडा वेळ वाजत राहिले. ते ऐकून होईपर्यंत ती उठली नाही.

परतताना कोंडाईबारी चढत असता अंधार पडला. नव्या सेटवर सौभाग्यवतींनी गाणी लावली होती. मागचे स्पीकर खर्जात गोड बोलत होते, आणि शिट्टीचे नाव नव्हते. घाटाच्या माथ्यावर आई म्हणाली, "अरे, ते गाणं जरा बंद करतोस?"

मी नवा सेट बंद केला. डाव्या हाताने डॅशबोर्डखाली चाचपले आणि जुन्याचे बटण दाबले.

नरडाण्याच्या आत तिला झोप लागली होती.